तेरा पंचवीसची अरुंधती

थांबा, चहा एवढ्यात संपवू नका. हा किस्सा अर्ध्या कपात मावणारा नाही. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण माझ्या घरात तर ह्यावर सगळ्यांचं हसून झालंय. शेजाऱ्यांचंही झालंय. फक्त तुम्हीच राहिलात.

मे महिन्यात झालेली फजिती मी डिसेंबरात का सांगतोय, असं विचाराल. त्याला कारण आहे. भलतंच कारण आहे! पण ते शेवटी.

तर मी लोणावळा स्टेशनात चौकशीच्या खिडकीत बसतो. काचेला एक भोक, भोकाच्या पलीकडे माणूस, आणि त्याचा एकच प्रश्न, "साहेब, किती वाजता?" अख्खी नोकरी ह्या प्रश्नावर काढली. अधूनमधून माइकवर घोषणाही करतो. गाडी लेट होते, रद्द होते, ते माझ्या हातात नाही. पण मी वेळ चुकीची सांगितली, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे मेपर्यंत नव्हतं म्हटलं.

आणि मला एक रोग आहे. कागदावर दोन आकडे, पुढे आणखी दोन आकडे दिसले, की मी त्याची वेळ करतो. बायको म्हणते, तुम्हाला ब्लडप्रेशरचा रिपोर्ट दिला तरी तुम्ही विचाराल, कुठल्या फलाटावर?

तर झालं काय, माझ्या भाचीचं लग्न ठरलं. केतकी. माझ्या तळेगावच्या ताईची एकुलती एक मुलगी. ती एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे सुटे भाग पट्ट्यावरून येतात, ही ते तपासते, खराब निघाला की बाजूला काढते. न बघता ओके म्हणायचं नाही, हा तिचा नियम. कंपनीत ठीक आहे हो, पण ती तो घरीही चालवते. स्थळ बघायला गेलो तेव्हा हिनं मुलाला विचारलं होतं, "तुमचे दोष कोणते?" तो सागर, टाकवे बुद्रुकचा, शेतकरी घरातला, सरळ मुलगा. म्हणाला, "घोरतो." हिनं तिथल्या तिथे पास केला!

केळवणाला सगळे आमच्याकडे लोणावळ्याला आले होते. जेवता जेवता केतकी म्हणाली, "मामा, लग्नात गुरुजी अरुंधती दाखवतात ना?"

"दाखवतात की. सप्तपदी झाली की. आम्हालाही दाखवली होती."

"दिसली होती?"

मी बायकोकडे बघितलं. बायकोनं श्रीखंडाकडे बघितलं.

"आम्ही हो म्हटलं होतं," मी म्हणालो.

"तेच! भर दुपारी गुरुजी मांडवाच्या कापडाकडे बोट करणार आणि मी मान डोलावणार? मी नाही न बघता ओके म्हणणार. नाही दिसली तर सरळ सांगेन, नाही दिसली म्हणून."

ताईनं कपाळाला हात लावला. "अगं, टाकव्याची जुनी माणसं समोर बसलेली असणार! पहिल्याच दिवशी सून वाकडं बोलली, असं होईल ना. विनू, तू तरी सांग रे हिला!"

आता सांगायचं सोडून मी काय करावं? छाती पुढे काढली! "केतकी, तुझी अरुंधती माझ्याकडे लागली. खरीखुरी दाखवतो. किती वाजता दिसते तेवढं शोधून काढायचं. वेळ सांगणं हे तर आपलं कामच आहे!"

केतकी खूश झाली. "नक्की ना मामा? मी तुझ्या भरवशावर आहे हं." हे एक वाक्य पुढे महिनाभर माझ्या छातीवर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी शोधाशोध केली. तर कळलं, ताऱ्यांचे कॅटलॉग असतात! साड्यांचा असतो, फरश्यांचा असतो, तसा ताऱ्यांचा. एकाखाली एक लाखभर तारे आणि प्रत्येकासमोर आकड्यांची ओळ. अरुंधतीचं इंग्रजी नाव सापडलं, ओळ सापडली. तेवढीच ओळ कागदावर छापून घेतली. वरचं हेडिंग कापून टाकलं. उगाच जागा खात होतं.

आता तुम्हीच सांगा, माझ्या जागी तुम्ही काय वाचलं असतं? पहिला आकडा ६५४७७. पाच आकडी! अहो, गाडीचा नंबर पाच आकडीच असतो. त्याच्यापुढे १३ २५ १३. तेरा वाजून पंचवीस मिनिटं आणि वर तेरा सेकंद! सेकंदसुद्धा! मला भरून आलं हो. आपल्याकडे मिनिटाचा भरवसा नाही आणि इथे कुणीतरी सेकंद लिहून ठेवलेत.

म्हणजे दुपारी एक पंचवीस. क्षणभर मनात पाल चुकचुकली. तारा, आणि दुपारी?

पण मग ट्यूब पेटली. गुरुजी अरुंधती केव्हा दाखवतात? दुपारीच ना! साडेबाराचा मुहूर्त, मग सप्तपदी, म्हणजे होतातच की सव्वा-दीड! आपले पूर्वज काय वेडे होते? आपण आपले मांडवाच्या कापडामुळे दिसत नाही आणि उगाच गुरुजींना नावं ठेवतो.

खात्री करायला म्हणून शेजारचा तारा काढला, वसिष्ठ. अरुंधतीचा नवरा. त्याची वेळ तेरा तेवीस! नवरा पुढे आणि बायको मिनिट-दीड मिनिट मागे. अगदी लोणावळ्याच्या बाजारातून चाललेलं जोडपं! आता ह्याहून मोठा पुरावा काय हवा?

पुढच्या रकान्यात होतं अधिक चोपन्न अंश. तापमान, उघड आहे. तारा म्हटल्यावर गरम असणारच. आणि त्याच्यापुढे होता चार. हे काय असावं, हे समजायला मी व्याध काढला. व्याध सगळ्यांना ठाऊक आहे, हिवाळ्यात अख्ख्या मावळातून दिसतो, इतका ठळक. त्याचे मार्क होते उणे दीड! आणि अरुंधतीला चार! म्हणजे उणे दीडवाला एवढा लखलखतो, तर चारवाली किती लखलखत असेल? दिवसा दिसणार नाही तर काय!

मी उड्या मारायचा बाकी राहिलो होतो.

बायको शांतपणे म्हणाली, "अहो, सप्तर्षी तर रात्री दिसतात. ही त्यांच्यातलीच ना? एकदा गच्चीवर जाऊन बघून तरी या."

"रात्री कशी दिसेल? ती दुपारी येऊन गेलेली असणार!"

"आणि ते सात जण?"

"त्यांच्या वेळा वेगळ्या. पहिला अकरा चारचा आहे, शेवटचा पावणेदोनचा. मी सगळ्या काढल्यात."

"मग रात्री दिसतात ते कोण?"

मी म्हटलं, तुला रेल्वेतलं कळत नाही. ती म्हणाली, बरं. बायको जेव्हा बरं म्हणते ना, तेव्हा माणसानं सावध व्हायला पाहिजे. मी झालो नाही.

ताईला फोन करून वेळ सांगितली आणि वर, चोपन्न डिग्री आहे, असंही बोलून गेलो. ताईला वाटलं, त्या दिवशी दुपारी हवाच चोपन्न डिग्री होणार! तिनं सोमाटण्याच्या लॉन्सवाल्याला फोन करकरून जादा कूलर लावायला लावले, ताकाची पिंपं वाढवली. आणि दाजी, म्हणजे ताईचे यजमान, त्यांनी तर कहर केला. पत्रिकाच हातात ठेवली. त्यात छापलेलं, 'शुभमुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटे. अरुंधतीदर्शन दुपारी १ वाजून २५ मिनिटे. सर्वांनी लाभ घ्यावा.'

"विनायकराव, नवीन काहीतरी झालं पाहिजे ना लग्नात," दाजी म्हणाले. "टाकव्यात तर चर्चा आहे म्हणे तुमच्या नावाची."

छापलेली पत्रिका मी उलटीसुलटी करून बघितली. बोललेलं मागे घेता येतं हो. छापलेलं कसं घेणार?

मग झोप उडाली. एकेक शंका यायला लागली. कॅटलॉगवर २००० साल होतं. बाप रे! म्हणजे हे पाव शतकापूर्वीचं टाइमटेबल! आमच्याकडे वर्षाला वेळा बदलतात. अरुंधती तेव्हा १३.२५ ला असेल, आता १३.१० ला झाली असेल आणि आपण पोचेपर्यंत निघून गेली तर? दुसरी शंका त्याहून वाईट. १३.२५, पण कुठल्या स्टेशनवर? एकच गाडी लोणावळ्याला आणि तळेगावला एकाच वेळी कशी असेल? शेवटी मनाची समजूत घातली, की ती वरून जाते, तिला मधे थांबे नसणार.

गुरुजींना फोन केला. "गुरुजी, अरुंधती एक पंचवीसला दाखवायची. नेमकी. चालेल ना?"

"मला काय," गुरुजी म्हणाले, "मी बोट केव्हाही करतो."

लग्नाचा दिवस उजाडला. आकाश निरभ्र. मला दोन घास गेले नाहीत. गळ्यात शेजाऱ्यांची पक्षी बघायची दुर्बीण, खिशात कागद, अंगात नवा कुर्ता, आणि कुर्ता घामानं पाठीला चिकटलेला. मुलीला हाताला धरून मांडवात आणताना मामा रडतो. मी मात्र मान वर करून मांडवाच्या फटीतून आभाळ बघत होतो. लोकांना वाटलं, मामा डोळ्यांतलं पाणी लपवतोय.

अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, टाळ्या झाल्या. सप्तपदी सुरू होती तेव्हा माझं लक्ष घड्याळाकडे. टाकव्याहून पाहुणे नेहमीपेक्षा जास्तच आले होते आणि त्यातले कित्येक आधीच हिरवळीवर जागा धरून उभे होते. जेवण थांबवलेलं. मसालेभाताचा वास सुटलेला आणि दाजी दारात उभे, "आधी दर्शन, मग जेवण!"

सागरचे आजोबा, आबा, फेटा सावरत माझ्याजवळ आले. "मामा, तुमी दिसा तारा दावनार म्हनं?"

"हो आबा. तेरा पंचवीस."

"जल्म गेला मावळात, पर दिसा तारा न्हाई बगितला. आन लेट झाली तर?"

"आबा, गाड्या लेट होतात. तारे होत नाहीत," मी म्हणालो. कुठून हे वाक्य तोंडातून गेलं देव जाणे.

एक वाजून वीस मिनिटांनी सगळा मांडव बाहेर आला. नवरा, नवरी, गुरुजी, करवल्या, दोन्हीकडची मंडळी, फोटोवाला. डोक्यावर मे महिन्याचं ऊन! बायकांनी पदर घेतले, पुरुषांनी रुमाल. गुरुजींनी उत्तरेकडे बोट केलं आणि सगळ्या माना तिकडे वळल्या. दाजींनी माझ्या हातात माइक दिला.

तेरा तेवीस. वसिष्ठ आला नाही. म्हटलं असेल, नवरेमंडळी कधी वेळेवर तयार असतात?

तेरा पंचवीस. दुर्बीण डोळ्याला लावली. निळं. नुसतं निळं. एक घार तेवढी फिरत होती.

तेरा सव्वीस. तेरा सत्तावीस. मागून कुणाचं तरी लहान मूल रडायला लागलं. केतकी हळूच म्हणाली, "मामा?" आणि माझ्या हातात माइक, समोर ताटकळलेली माणसं, उशीर झालेला... आता काय सांगू, माझ्या तोंडून आपोआप तो खिडकीतला आवाज आला!

"कृपया लक्ष द्या. तेरा वाजून पंचवीस मिनिटांनी येणारी अरुंधती आज थोड्या उशिरानं येण्याची शक्यता आहे."

मग जो हशा पिकला म्हणता! फोटोवाल्याचा कॅमेरा हलला. टाकव्याची पोरं तर गवतावर बसली.

तेवढ्यात आबा मोठ्यानं बोलले, "हसू नगा रं! जुनी मान्सं सांगायची, ज्याला अरुंधती दिसना, त्याचं सा म्हैन्यात आवरतं!"

हशा विरला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कारण दिसली कुणालाच नव्हती ना! म्हणजे अख्खं वऱ्हाड सहा महिन्यांत?

मग कोपऱ्यातून एक काका म्हणाले, "मला दिसली बुवा."

"मलाबी! त्या झाडाच्या वर!"

"व्हय व्हय, दिसली! चमकली बगा आत्ताच!"

दोन मिनिटांत सगळ्यांना दिसली. दाजींना दिसली. ताईला दिसली, तीसुद्धा चष्मा पर्समधे असताना. गुरुजींनी हसून केतकीकडे बघितलं. "सौभाग्यवती, दिसली का?"

मी मनातल्या मनात हात जोडले. म्हण बाई, एवढ्या वेळेला हो म्हण.

"नाही," केतकी म्हणाली. "मला नाही दिसली."

ताईनं डोळे मिटले. विहीणबाईंचा, म्हणजे सागरच्या आईचा चेहरा पांढरा पडला. "मांडवात असलं अभद्र बोलत्यात का पोरी? सा म्हैने म्हंजी काय गं?" आणि त्यांना रडूच फुटलं. त्यात सागर पुढे झाला. "आई, मलाबी न्हाई दिसली. जायाचं तर दोघंबी जाऊ की."

तो विनोद करत होता. पण त्याची आई आणखीच रडायला लागली. "सून अरुंधती बगंस्तवर मी पान्याला शिवनार न्हाई," म्हणाल्या आणि खुर्चीत पदर तोंडाला लावून बसल्या. झालं! भर उन्हाळ्यात नवऱ्या मुलाच्या आईनं पाणी सोडलं आणि हे कुणामुळे? माझ्यामुळे.

मी गुरुजींना बाजूला घेतलं. "गुरुजी, काय झालं हो हे?"

"अहो, दिवसा कुठली दिसायला? रात्री बघायची असते ती. लग्नं दुपारी लागायला लागली म्हणून आम्ही नुसतं स्मरण करवतो."

"मग तुम्ही आधी का नाही बोललात?"

"पत्रिकेत छापलेलं बघितलं. म्हटलं, रेल्वेकडे काहीतरी नवीन आलं असेल."

पंगती उठल्या तशी केतकीनं मला शेजारी बसवलं. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. "मामा, कागद दाखव." मी दिला. तिनं उलटापालटा केला. "वरची ओळ कुठाय?"

"कापली. जागा खात होती."

"अरे, हेडिंग कापून आकडे वाचलेस?" तिनं मोबाइलवर तोच कॅटलॉग काढला आणि मुंडावळ्या मागे सारून वाचायला लागली. "ही वेळ नाहीये मामा. जमिनीवर रेखांश असतात ना, तसा हा आकाशातला पत्ता. तो तासांत लिहितात, एवढंच."

"आणि चोपन्न अंश?"

"तोही पत्ताच. अक्षांशासारखा."

माझ्या डोळ्यांपुढे ताकाची पिंपं आणि जादा कूलर आले. "आणि ते चार मार्क?"

"ती तेजाची प्रत. आकडा जेवढा मोठा तेवढा तारा अंधूक. उणे असला की सगळ्यात ठळक."

म्हणजे बघा हं! मी असा तारा निवडला होता, की जो रात्रीच्या अंधारातसुद्धा डोळे बारीक करून शोधावा लागतो. आणि तो मी भर मे महिन्यात, भर दुपारी, अख्ख्या टाकव्याला उपाशी ठेवून दाखवायला निघालो होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पण त्याहून वाईट वाटत होतं ते केतकीचं. पोरगी माझ्या भरवशावर होती हो! खरं सांगतो, मला रडू आलं.

"रडू नकोस," ती म्हणाली. "संध्याकाळी टाकव्याला चल आमच्याबरोबर. अंधार पडला की बघू. पण आता वेळ मी सांगणार."

पाठवणी झाली. नवरीच्या गाडीमागच्या गाडीत मी आणि बायको. आणि नशीब बघा, पाच वाजता पश्चिमेकडून ढग चढायला लागले! वळिवाचे काळेकुट्ट ढग. मी खिडकीतून मान बाहेर काढून बघतोय आणि मनात एकच हिशोब, विहीणबाईंनी दुपारपासून पाणी प्यायलेलं नाही. आज आभाळ भरलं तर त्या उद्यापर्यंत तशाच बसणार. परवापर्यंतही बसतील, मावळच्या बायका आहेत!

"काय विचार करताय?" बायकोनं विचारलं.

"ढगांचा."

"त्यांची वेळ नाही का काढलीत?"

मी मान पुन्हा खिडकीबाहेर काढली. दुसरं काय करणार?

टाकव्याला माप ओलांडून झालं, नावं घेऊन झाली. अंगणात सगळे येऊन बसले. विहीणबाई ओसरीच्या कडेला, ओठ सुकलेले. समोर पाण्याचा तांब्या. मी त्या तांब्याकडे बघू शकत नव्हतो. अंधार पडला आणि वर नुसती काळी चादर. आबा म्हणाले, "वारं सुटलं तर जाईल ह्ये समदं." मी आयुष्यात इतका मनापासून नवस कधी बोललो नव्हतो.

आणि सुटलं हो वारं! अंगणातला मांडव फडफडला, ढगांची कड सरकली, उत्तरेकडचं आभाळ उघडं पडलं. सागरनं अंगणातले दिवे घालवले. केतकी मोबाइलवरचा पत्ता बघत म्हणाली, "ते सप्तर्षी. ती शेपटी. शेपटीत मधला आहे तो वसिष्ठ. आणि त्याला अगदी चिकटून..."

ती टाचा उंचावून बघायला लागली.

"दिसली! आई, दिसली! बारीक आहे, पण आहे!"

"मलाबी दिसली," सागर म्हणाला. विहीणबाई उठून सुनेच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. केतकी त्यांचा हात धरून बोट वळवत होती. "तिथं बघा आई. ह्या बोटाच्या टोकाला." बराच वेळ गेला. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, "व्हय गं बाई, दिसली." केतकीनं स्वतः त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि त्या गटागटा प्यायल्या. मला इतकं हलकं वाटलं, की मीही तांब्याभर पाणी प्यायलो.

आबांनाही दिसली. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे नजर आमच्यापेक्षा चांगली. "आता सा म्हैन्याची भीती न्हाई," म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "मामा, तुमास्नी दिसली न्हवं?"

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं.

मी बघितलं. सप्तर्षी दिसले. शेपटी दिसली. मधला वसिष्ठ दिसला, जरा पसरल्यासारखा. त्याच्याजवळ? काही नाही. डोळे बारीक केले, मोठे केले, चष्मा पुसला. काहीच नाही! आणि दुर्बीण राहिली सोमाटण्याला, लॉन्सच्या खुर्चीवर.

सा म्हैने! माझ्या कानात आबांचा आवाज घुमायला लागला. माणूस किती शिकलेला असला तरी अंधारात, परक्या अंगणात, असलं काही आठवलं की खोटं बोलतोच.

"दिसली!" मी ठणकावून सांगितलं. "चांगली स्वच्छ दिसली!"

केतकीचे डोळे बारीक झाले. क्वालिटीवाली ती! "कुठं मामा? बोट कर."

मी आभाळात जिथे छान चमकत होतं तिथे बोट केलं.

"मामा, ती चालतेय."

"आँ?"

"लाल दिवा लुकलुकतोय तिचा. विमान आहे ते. मुंबईला चाललंय."

आबांनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी सुटली! मामांची गाडी एकदाची सुटली!"

अंगण हसून लोळलं. विहीणबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होत्या, म्हणजे लग्न सुखरूप पार पडलं म्हणायचं. मीही हसलो. पण आतून हललो होतो.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. नंबर वाढला होता. नवा चष्मा हातात येतोय तोवर पावसाळा लागला. आता लोणावळ्याचा पावसाळा तुम्हाला काय सांगायचा? तिथे समोरची गाडी दिसत नाही, अरुंधती कुठून दिसणार? रोज संध्याकाळी नवा चष्मा घालून गच्चीवर जायचो आणि भिजून खाली यायचो. पाऊस संपला तर सप्तर्षी संध्याकाळचे दिसेनासे झालेले. जरा सर्दी झाली की मला आबांचा फेटा दिसायचा. बायकोला कपाटाच्या किल्ल्या, बँकेची कागदपत्रं, सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बरं."

म्हणून इतके दिवस गप्प होतो. सहा महिने नोव्हेंबरात उलटले. मी वर महिनाभर जास्तीचा थांबलो, न जाणो, लेट असेल. आता डिसेंबर आला, मी तुमच्यासमोर बसून चहा पितोय, म्हटल्यावर सांगायला हरकत नाही.

परवा केतकीचा फोन आला होता. सासूबाई आणि ती रोज मिळून जेवतात, छान चाललंय. म्हणाली, "मामा, सप्तर्षी आता पहाटे दिसतात. नवा चष्मा घालून बघ एकदा अरुंधती. पाचच्या सुमाराला गच्चीवर जा."

मी खिशातून पेन काढलं आणि विचारलं,

"पाच वाजून किती?"